एक्सेलमधला लॉगिन फॉर्म : आडतीवर वर्षभर वापरून

लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत आहे. सोयाबीनच्या हंगामात एकाच कॉम्प्युटरवर मी, मुनीमजी आणि पुतण्या असे तिघं पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) करतो. कोणती नोंद कुणी केली ते कळावं म्हणून पुतण्यानं एक्सेलमध्येच यूजरफॉर्म, म्हणजे माहिती भरायची छोटी खिडकी, बनवला. नाव, पासवर्ड, खाली दोन बटणं. पासवर्डच्या चौकटीच्या ‘पासवर्डचार’ या सेटिंगमध्ये चांदणी (*) टाकली की अक्षरं झाकली जातात. नावांची शीट ‘व्हेरी हिडन’ केलीय, त्यामुळे लपवलेल्या शीट परत दाखवणाऱ्या ‘अनहाइड’च्या यादीत ती दिसतच नाही. नवं खातं उघडणं, सोडून गेलेल्याचं बंद करणं हे मुनीमजी स्वतः करतात, साठीच्या वयात! मला त्याचं फार कौतुक आहे.

पण कळकळीनं सांगतो, ही तिजोरी नव्हे. मॅक्रो (फाइलमधला फॉर्म चालवणारा कोड) बंद ठेवून फाइल उघडली तर फॉर्म येतच नाही. जाणकारानं ऑल्ट-एफ११ दाबून कोडची खिडकी उघडली की लपवलेली शीटही सापडते. म्हणून शेतकऱ्यांचे बँक खाते नंबर मी यात ठेवत नाही, आणि फाइललाच ‘एनक्रिप्ट विथ पासवर्ड’ लावलंय, म्हणजे पासवर्डाशिवाय फाइल उघडतच नाही. तो पासवर्ड विसरलात तर मायक्रोसॉफ्टही काढून देत नाही. कागदावर लिहून कपाटात ठेवा. फाइल मात्र मॅक्रो सांभाळणाऱ्या ‘एक्सएलएसएम’ प्रकारात सेव्ह करा, नेहमीच्या ‘एक्सएलएसएक्स’मध्ये केली तर सगळा कोड उडतो.