‘ट्रेझर आयलंड’ आधी की ‘कॅप्टन्स करेजस’?

बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला समुद्रावरची पहिली मोठी कादंबरी म्हणून रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची ‘ट्रेझर आयलंड’ द्यावी की रुडयार्ड किपलिंग यांची ‘कॅप्टन्स करेजस’, असा प्रश्न असेल, तर माझा कौल पहिलीला आहे. दुसरी मला तितकीच प्रिय आहे, पण ती वाचण्याचे वय दोनेक वर्षांनी पुढचे आहे.

‘ट्रेझर आयलंड’ १८८१-८२ मध्ये ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली आणि १८८३ मध्ये तिचे पुस्तक झाले. तिची चौतीस प्रकरणे छोटी आहेत आणि बहुतेक प्रकरणे अशा जागी थांबतात की पुढचे पान उलटल्यावाचून राहवत नाही. स्टीव्हन्सन यांनी आधी आपल्या सावत्र मुलाच्या सोबतीने एका काल्पनिक बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातून कथा उगवली. म्हणूनच तिच्यात कोण कुठे आहे आणि नांगर कोणत्या बाजूला टाकला आहे, हे वाचकाला सदैव स्पष्ट दिसत राहते.

या कादंबरीचे खरे बळ मात्र खजिन्यात नसून लाँग जॉन सिल्व्हर या एका पायाच्या आचाऱ्यात आहे. सफरचंदाच्या पिंपात दडलेला कथेचा किशोरवयीन निवेदक जिम हॉकिन्स त्याचे बोलणे चोरून ऐकतो, तेव्हा बंडाचा कट तर त्याला कळतोच. पण ज्या गोड शब्दांनी सिल्व्हरने जिमची स्तुती केली होती, नेमक्या त्याच शब्दांनी तो आता दुसऱ्या एका तरुण खलाशाला भुलवतो आहे, हेही त्याला उमगते. माणूस प्रेमळ वाटू शकतो, खरोखर उपयोगी पडू शकतो आणि तरीही घातकी असू शकतो, ही जाणीव किशोरवयीन वाचकाला इतक्या सहजपणे देणारा दुसरा प्रसंग मला ठाऊक नाही.

दोन गोष्टींची कल्पना आधी द्यावी. कथेत खून आहेत आणि ते सौम्य करून सांगितलेले नाहीत. शिवाय सोळा ते अठरा या प्रकरणांत निवेदन जिमकडून डॉक्टर लिव्हसी यांच्याकडे जाते आणि पुन्हा जिमकडे येते. हे ठाऊक नसेल तर वाचक तिथे अडखळतो.

‘कॅप्टन्स करेजस’ (१८९७) मध्ये चाचे नाहीत, खलनायकही नाही. रेल्वेसम्राटाचा सुमारे पंधरा वर्षांचा लाडावलेला मुलगा हार्वे चेन प्रवासी जहाजावरून समुद्रात पडतो आणि मॅन्युएल नावाचा पोर्तुगीज कोळी त्याला आपल्या होडीत ओढून घेतो. कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ सागरी पट्ट्यावर मासेमारी करणाऱ्या ‘वुई आर हिअर’ या शिडाच्या जहाजाचा कप्तान डिस्को ट्रूप त्याच्या श्रीमंतीवर विश्वास ठेवत नाही. हंगाम अर्धवट टाकून परतायलाही तो तयार होत नाही, उलट महिना साडेदहा डॉलरवर त्याला कामाला लावतो. त्यानंतर कॉड मासे गळाने ओढणे, चिरणे, साफ करणे, मिठात घालणे आणि धुक्यात घंटा वाजवत राहणे, हेच कथानक होते. एखादे काम नीट जमू लागल्याचा आनंद किपलिंग यांनी फार जवळून दाखवला आहे. अमेरिकेतील जॉन्सटाउनच्या पुरात कुटुंब गमावल्याने स्मृती हरवलेला, जहाजावरचा पेन नावाचा माणूस तर मनातून जात नाही.

अडचण भाषेची आहे. मूळ इंग्रजीतून वाचणाऱ्याला कोळ्यांची तुटक बोली आणि जहाजाच्या भागांची नावे पानोपानी अडवतात, आणि कृष्णवर्णीय आचाऱ्यासाठी वापरलेले अपमानकारक शब्द आज मोठ्यांनी शेजारी बसून समजावून सांगावे लागतात. हार्वेचे वडील खास गाडीने सॅन दिएगोहून बॉस्टनकडे धाव घेतात तो भाग वेगवान असला, तरी त्या वेळी कथा समुद्र सोडून रुळांवर जाते.

दोन्ही मुलांना घराबाहेरचा एक वडीलधारा माणूस भेटतो. जिमचे वडील कथेच्या आरंभीच वारतात आणि सिल्व्हरच्या आपुलकीची भूल त्याला त्यामुळेच अधिक पडते, असे मला वाटते. हार्वेचे वडील जिवंत आहेत, पण मुलासाठी त्यांना वेळ नव्हता, आणि ती जागा डिस्को शिस्तीने भरून काढतो. गोष्टीसाठी आसुसलेल्या मुलाला पहिली कादंबरी द्यावी. शीड कसे उभारतात, गाठ कशी मारतात, जाळ्यात आलेल्या माशाचे पुढे काय होते, असे प्रश्न विचारणाऱ्या मुलीला किंवा मुलाला मात्र माझा क्रम बाजूला ठेवून आधी ‘कॅप्टन्स करेजस’ द्यावी आणि पहिली काही प्रकरणे आपण स्वतः मोठ्याने वाचून दाखवावीत.