संमिश्र टास्क फोर्सची ऑपरेशन ऑर्डर: सलग मजकूर की ओव्हरले आणि तक्ता?

वेगवेगळ्या तुकड्या जोडून तात्पुरत्या उभ्या केलेल्या टास्क फोर्सच्या मुख्यालयात ऑपरेशन शाखेचे काम नव्याने हाती घेणाऱ्या अधिकाऱ्याला एक निवड फार लवकर करावी लागते. मोहिमेचा आदेश पाच परिच्छेदांच्या सलग मजकुरात द्यायचा, की नकाशावरचा ओव्हरले (जागा, सीमा आणि रेषा काढलेला पारदर्शक कागद) आणि त्याच्या जोडीला अंमलबजावणीचा तक्ता (प्रत्येक तुकडीची एक ओळ, प्रत्येक टप्प्याची एक चौकट) एवढ्यावर भागवायचे? मी दोन्ही पद्धतींनी आदेश लिहिले आहेत आणि दोन्ही पद्धतींनी लिहिलेल्या आदेशांवर कामही केले आहे. माझा कल पुढे दिसेलच. पण ज्यांचा अनुभव याच्या उलट आहे त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा माझा उद्देश नाही. परिस्थिती, कामगिरी, अंमलबजावणी, रसद आणि प्रशासन, नेतृत्व आणि संपर्क हा त्या पाच परिच्छेदांचा क्रम वाचकाला पाठ आहे असे गृहीत धरतो.

ओव्हरले आणि तक्त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातला पहिला मुद्दा वेळेचा आहे. हाती असलेल्या वेळेपैकी एक तृतीयांश मुख्यालयाने घ्यावा आणि दोन तृतीयांश खालच्या तुकड्यांना द्यावा, हा नियम सगळ्यांना मान्य असतो; मात्र लांबलचक आदेश लिहिणे, तपासणे आणि वाटणे यातच तो बहुतेक वेळा मोडतो. दुसरा मुद्दा स्थानांचा. नकाशावरची जागा सांगणाऱ्या सहा आकडी ग्रिड संदर्भात (तीन आकडे पूर्वेकडचे, तीन उत्तरेकडचे, एक एकक म्हणजे शंभर मीटर) ४५२ च्या जागी ५४२ असे दोन आकडे उलटे पडले तर तुकडी थेट नऊ किलोमीटर बाजूला जाते, आणि अशी चूक सलग मजकूर वाचताना डोळ्यांना खटकत नाही. तीच जागा ओव्हरलेवर चुकीची काढली तर ती सीमारेषेच्या पलीकडे किंवा भलत्याच फेज लाइनजवळ (हालचालीचा टप्पा दाखवणाऱ्या रेषेजवळ) दिसते आणि पहिल्याच नजरेत पकडली जाते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. सलग आदेशात एकाच कंपनी कमांडरचे काम चार ठिकाणी विखुरलेले असते. त्याला काय करायचे आहे ते तिसऱ्या परिच्छेदात सापडते, ते कधी सुरू करायचे हे समन्वयाच्या सूचनांत, तोफखान्याचा पाठिंबा किती आणि कोणत्या क्रमाने मिळणार हे परिशिष्टात, आणि इंजिनिअरांची प्लॅटून त्याच्याकडे कोणत्या टप्प्यापासून वर्ग होणार हे आदेशाच्या अगदी वर दिलेल्या दलाच्या रचनेत. रात्री, गाडीच्या मागच्या बाजूला, टॉर्चच्या लाल उजेडात ही शोधाशोध ज्यांनी केली आहे त्यांना तक्त्यातील आपली एक ओळ बोटाने आडवी वाचत जाण्याचे सुख वेगळे सांगायला नको.

एवढे सगळे असूनही मी हळूहळू सलग मजकुराकडे परतलो, आणि त्याला कारण झाली तक्त्याच्या चौकटीची रुंदी.

एका युद्धसरावात रणगाड्यांचा एक स्क्वाड्रन दुसऱ्या दलातून टास्क फोर्सकडे वर्ग झाला होता. तक्त्यात त्याच्या ओळीत, दुसऱ्या टप्प्याच्या चौकटीत, एवढेच होते: उंचवटा ताब्यात घेणे, एच अधिक ९० (म्हणजे हल्ला सुरू होण्याच्या वेळेनंतर नव्वद मिनिटांनी). स्क्वाड्रन कमांडर तरुण, हुशार आणि काटेकोर होता. तो ठरल्या मिनिटाला माथ्यावर पोहोचला, तशी खबर त्याने दिली आणि चहूबाजूंनी बचावाची मांडणी करून तो तिथेच थांबला. तो उंचवटा ताब्यात घ्यायचा होता तो पुढच्या नाल्यावरची ओलांडण्याची जागा माऱ्याखाली ठेवण्यासाठी, म्हणजे पायदळाला ती सुखरूप ओलांडता यावी यासाठी. माथ्यावरून मात्र ती जागा झाडीच्या पट्ट्याआड जात होती. डावीकडे उतरणाऱ्या सोंडेवर काही रणगाडे नेले असते तर नाल्याचे दोन्ही काठ स्वच्छ दिसले असते. पायदळ नाल्याशी आले तेव्हा त्यांच्यावर कुणाचीच नजर नव्हती, आणि सरावातील पंचांनी त्यांचे जे नुकसान ठरवले ते योग्यच होते.

चौकटीत लिहिलेले त्या कमांडरने शब्दशः पार पाडले होते, त्यामुळे त्याला बोल लावता येत नाही. तो आपल्या मूळ रेजिमेंटमध्ये असता तर त्याने उद्देश ओळखला असता, कारण तिथल्या कमांडिंग ऑफिसरचा विचार कसा चालतो हे त्याला सवयीने ठाऊक होते. टास्क फोर्स म्हटली की नेमकी हीच सवय गैरहजर असते. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या तुकड्या थोड्या दिवसांसाठी एका झेंड्याखाली येतात, त्यांच्या बोलण्याच्या रीती वेगळ्या असतात, आणि एकमेकांच्या मनातले ओळखण्याइतका सहवास त्यांच्यात झालेला नसतो. ती उणीव कागदाने भरून काढावी लागते.

मग चौकटीत उद्देशही लिहावा, असे कुणी म्हणेल. तसा प्रयत्न मी केला आहे. पहिल्या मसुद्यात प्रत्येक चौकटीत काम आणि त्याचा उद्देश दोन्ही असतात, तक्ता मोठ्या कागदावर जातो, अक्षर बारीक होते. नंतर दुरुस्त्या सुरू होतात. वेळ काढून टाकता येत नाही, जागा काढून टाकता येत नाही, रेडिओची फ्रिक्वेन्सी तर नाहीच नाही; मग जागा करायची म्हणून उद्देशाला कात्री लागते, कारण घाईच्या वेळी तोच शोभेचा वाटतो. मसुदा चार हातांतून फिरला की चौकटीत क्रियापद, ठिकाण आणि वेळ एवढेच उरते. यात कुणाचा निष्काळजीपणा नसतो. चौकटीचा आकारच तसे करायला लावतो. सलग वाक्याला असा जाच नसतो. ‘अमुक स्क्वाड्रनने उंचवटा ताब्यात घ्यावा, म्हणजे पायदळाला नाला सुरक्षितपणे ओलांडता येईल’ या वाक्याचा उत्तरार्ध कुणी खोडला तर वाक्य लंगडे झालेले तपासणाऱ्याला दिसते.

पहिल्या महायुद्धातील एका आदेशाची मला या संदर्भात नेहमी आठवण होते. अमेरिकेच्या फर्स्ट आर्मीचा ७ सप्टेंबर १९१८ चा फील्ड ऑर्डर क्रमांक ९ हा डी-डे (हल्ल्याचा दिवस) आणि एच-अवर (हल्ल्याची वेळ) या संज्ञांच्या ज्ञात वापरांतील सर्वांत जुना म्हणून ओळखला जातो. त्यातील मुख्य वाक्य एकच आहे: फर्स्ट आर्मी डी-डेच्या दिवशी एच-अवरला हल्ला करील, आणि उद्देश सँ-मिएलचा फुगवटा (फ्रान्समध्ये पुढे घुसलेला जर्मन आघाडीचा भाग) शत्रूला रिकामा करायला लावण्याचा. वेळ मोकळी सोडलेली आहे, उद्देश मात्र वाक्यातच बांधलेला आहे. हल्ला प्रत्यक्षात १२ सप्टेंबरला झाला. एका संपूर्ण आर्मीची कामगिरी एका वाक्यात उद्देशासह बसते, तर एका स्क्वाड्रनची बसायला हरकत नसावी.

उलट बाजूचाही दाखला प्रामाणिकपणे द्यायला हवा. क्रिमियन युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लावा येथे ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लनने घोडदळाला पाठवलेला आदेश लेखी होता आणि त्यात उद्देशही होता: शत्रूला तोफा हलवू देऊ नयेत. कोणत्या तोफा, हे मात्र नव्हते. रॅग्लन उंचावर होता आणि त्याला टेकड्यांवरच्या काबीज झालेल्या तोफा दिसत होत्या. खाली दरीत असलेल्या घोडदळाच्या प्रमुखाला, लॉर्ड लुकनला, तिथून त्या दिसत नव्हत्या, आणि शेवटी घोडदळाची लाइट ब्रिगेड दरीच्या टोकाला असलेल्या रशियन तोफांवर गेली. नकाशाविना मजकूर किती घातक ठरू शकतो हे यातून दिसते, म्हणून ओव्हरले सोडून द्यावा असे मी मुळीच म्हणणार नाही. माझी तक्रार तक्त्याबद्दल आहे, आणि तीसुद्धा तो मजकुराच्या जागी येऊन बसतो तेव्हाची.

बाकीच्या मुद्द्यांवर फार रेंगाळत नाही. लांब लेखी आदेश शत्रूच्या हाती पडला तर सगळा बेत उघड होतो असा आक्षेप घेतला जातो, आणि त्यासाठी अमेरिकन यादवी युद्धात सप्टेंबर १८६२ मध्ये दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांच्या १९१ क्रमांकाच्या विशेष आदेशाची प्रत विरुद्ध पक्षाला सापडल्याचे उदाहरण दिले जाते. ते खरे आहे, पण तक्ता हरवला तर शत्रूचे काम आणखी सोपे होते, कारण कोण, कुठे, केव्हा हे त्याला एका नजरेत मिळते. संपर्क तुटत-जुळत असताना मजकूर रेडिओवरून सांगता येतो आणि पलीकडचा तो वहीत उतरवून घेऊ शकतो. तक्ता तोंडी सांगायचा म्हणजे ओळ आणि स्तंभ यांचा हिशेब करता करता दोघांचीही दमछाक होते. फ्रॅगो (मूळ आदेशात बदल करणारा छोटा आदेश) काढताना परिच्छेदाचा क्रमांक देऊन तेवढाच भाग बदलता येतो आणि उरलेल्यापुढे ‘बदल नाही’ एवढे पुरते. तक्त्याच्या बाबतीत, माझ्या पाहण्यात तरी, पूर्ण नवा कागद काढला जातो आणि मग एकाच गाडीत जुना आणि नवा असे दोन्ही तक्ते फिरत राहतात. बहुराष्ट्रीय दलात काम असेल तर आणखी एक गोष्ट: नाटोच्या प्रमाणीकरण करारांनी आदेशाचा साचा ठरवून दिलेला असल्यामुळे, वेगळी भाषा बोलणारा अधिकारीही कोणती माहिती कुठे शोधायची हे जाणतो.

तक्ता जिथे खरोखर सरस ठरतो त्या जागा मी निःसंकोच मान्य करतो. तोफखान्याचा मारा मिनिटामिनिटाने बांधायचा असेल, हेलिकॉप्टरच्या फेऱ्या लावायच्या असतील, एका तुकडीला दुसऱ्या तुकडीच्या फळीतून पुढे काढायचे असेल किंवा एकाच रस्त्यावरून अनेक ताफे सोडायचे असतील, तर तेच सगळे वाक्यांत लिहिणे म्हणजे वाचणाऱ्याला त्रास देणे आहे. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या बटालियनमध्ये, जिथे कंपनी कमांडरांना आपल्या कमांडरच्या मनातले सांगावे लागत नाही, तिथे ओव्हरले आणि तक्ता कदाचित पूर्ण पुरेल. आपले दल असे असेल तर माझ्या मताला फार महत्त्व देऊ नये.

दल जोडून आणलेले असेल तर मात्र मी मुख्य मजकूर दोन पानांच्या आत ठेवून लिहितो. विखुरलेपणाची तक्रार खरी आहे, म्हणून प्रत्येक तुकडीसाठी एक स्वतंत्र उपपरिच्छेद करतो आणि तिचे काम, उद्देश, सुरुवातीची वेळ आणि तिला मिळणारा पाठिंबा हे सगळे त्यातच आणतो. समन्वयाच्या सूचनांत फक्त सर्वांना लागू होणाऱ्या गोष्टी राहतात. असे केल्याने थोडी पुनरुक्ती होते आणि वेळ बदलली की दोन ठिकाणी दुरुस्ती करावी लागते, याची तपासणीच्या वेळी आठवण ठेवावी लागते. ओव्हरले नेहमी जोडतो. तक्ता वेळापत्रकाचे परिशिष्ट म्हणून जोडतो, आणि मजकूर व तक्ता यांत फरक आढळल्यास मजकूर ग्राह्य धरावा असे त्याच्या माथ्यावर छापतो.

दोन पाने लिहिण्याइतकाही वेळ नसेल, म्हणजे सूर्यास्ताला आदेश येऊन रात्रीच निघायचे असेल, तर आदेश ओव्हरलेवर तोंडी द्यावा; पण ओव्हरलेच्या कडेला जी मोकळी जागा असते तिथे प्रत्येक तुकडीच्या नावापुढे तिच्या कामाचा उद्देश एका ओळीत हाताने लिहून द्यावा. एवढे लिहायला काही मिनिटे लागतात, आणि वर्ग होऊन आलेला कमांडर परत वाचून दाखवताना तीच ओळ आपल्या शब्दांत सांगतो की नाही हे तिथल्या तिथे पाहता येते.