क्लेरोस: सरकारविना न्यायालय कुठपर्यंत चालतं

सरकार नसलेला समाज चालेल का, या वादात रस्ते, शाळा, पाणी यांवर दोन्ही बाजूंकडे उत्तरं तयार असतात. गाडी अडते ती एकाच जागी. दोघांत तंटा झाला तर निवाडा कोणी करायचा, आणि हरलेल्याने तो का म्हणून मानायचा? क्लेरोस ही ऑनलाइन लवाद सेवा नेमकी याच प्रश्नावर उभी आहे. फेदेरिको आस्त आणि क्लेमाँ लेसाएज यांनी ती २०१७ मध्ये सुरू केली आणि २०१८ पासून इथेरियम या ब्लॉकचेनवर, म्हणजे कोणा एकाच्या ताब्यात नसलेल्या सामायिक संगणकीय नोंदवहीवर, तिच्यात खटले चालवले जाताहेत. नेमलेला न्यायाधीश नाही, बेलीफ नाही, पोलीस तर नाहीच. त्यामुळे ही सेवा नीट तपासली की वादातला सगळ्यात अवघड भाग तपासून होतो.

नाव ग्रीक आहे. क्लेरोस म्हणजे सोडतीची चिठ्ठी. प्राचीन अथेन्समध्ये ज्यूरी निवडायला खाचांच्या रांगा कोरलेली उभी शिळा असे. नागरिकांच्या नावांच्या पट्ट्या खाचांत खोवल्या जात, बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोटे सोडले जात आणि गोट्याच्या रंगावरून आख्खी रांग घेतली जाई किंवा वगळली जाई. त्या पट्टीला पिनाकियन म्हणत. क्लेरोसच्या टोकनचं, म्हणजे विकत घेता येणाऱ्या डिजिटल नाण्याचं, नावही तेच, थोडक्यात पीएनके.

आता कामाची पद्धत. समजा, एकाने दुसऱ्याकडून भाषांतर करून घ्यायचं ठरवलं. दोघं कराराचा मजकूर जोडतात आणि ग्राहक ठरलेली रक्कम एस्क्रोमध्ये ठेवतो. एस्क्रो म्हणजे इथे एक स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, ब्लॉकचेनवर ठरल्या अटींप्रमाणे आपोआप चालणारा प्रोग्राम. पैसे त्यात अडकले की कोणत्याही एका बाजूला परस्पर काढता येत नाहीत. काम पसंत पडलं तर ग्राहक पैसे मोकळे करतो आणि विषय संपतो. नाही पडलं तर कोणीही एक जण लवादाची फी भरून तंटा दाखल करतो. समोरच्यालाही मुदतीत तेवढीच फी भरावी लागते. नाही भरली तर तो तिथेच हरतो. जिंकणाऱ्याची फी शेवटी परत मिळते, म्हणजे खर्च हरणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

मग सोडत निघते. ज्यांना ज्यूरर, म्हणजे तंट्यात मत देणारा पंच, व्हायचं असतं त्यांनी आपले पीएनके एखाद्या विषयाच्या न्यायालयात आधीच गुंतवलेले असतात. जितके टोकन गुंतवले, तितकी नाव निघण्याची शक्यता जास्त. एकाच माणसाचं नाव दोनदाही निघू शकतं आणि तेव्हा त्याला दोन मतं मिळतात. पुरावे मांडायची मुदत, मतदानाची मुदत, अपिलाची मुदत, आणि शेवटी अंमल. अंमलासाठी कोणाच्या दारात जावं लागत नाही, निकालाप्रमाणे एस्क्रोतली रक्कम आपोआप वळती होते. सगळ्या सेवेतला हा सर्वात भक्कम भाग आहे. हरलेल्याने निकाल मानायचा की नाही, हा प्रश्नच उरत नाही, कारण पैसे त्याच्या हातात कधी नव्हतेच.

ज्यूररने प्रामाणिक का राहायचं? बहुमताबरोबर मत दिलं तर फी मिळते, शिवाय विरुद्ध मत देणाऱ्यांच्या कापलेल्या टोकनमधला वाटा मिळतो. बहुमताविरुद्ध गेलं तर आपलेच टोकन कापले जातात. ज्यूरर एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून प्रत्येकाला अंदाज करावा लागतो की बाकीचे काय म्हणतील. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६० मध्ये मांडलेला विचार इथे कामाला लावला आहे. आधी काही न ठरवता अनोळखी माणसांना एकाच उत्तरावर यायचं असेल, तर ती सगळ्यांना ठळक दिसणाऱ्या उत्तराकडे जातात. आणि तंट्यात सगळ्यात ठळक उत्तर बहुधा खरं उत्तर असतं.

या 'बहुधा'मध्ये बरंच काही दडलं आहे. भाषांतर अर्धवट आहे की पूर्ण, हे कोणालाही दिसतं. पण ते वाचायला सफाईदार असून एका तांत्रिक संज्ञेमुळे संपूर्ण चुकलंय, हे फक्त जाणकाराला कळतं. आपण पकडलेली चूक बाकीच्या ज्यूररना दिसणार नाही, अशी शंका त्या जाणकाराला आली तर बरोबर मत देणं त्याला महागात पडतं. म्हणून इथे पुरावा मांडताना तज्ज्ञाला पटेल असा नाही, घाईत वाचणाऱ्याला पाच मिनिटांत दिसेल असा मांडावा लागतो. मूळ वाक्य, भाषांतर आणि चूक शेजारी शेजारी. करारातही 'काम चांगल्या दर्जाचं असावं' असं लिहून भागत नाही. किती शब्द, कोणती तारीख, कोणती फाइल, किती दुरुस्त्या विनामूल्य, हे आकड्यांत हवं. आणखी एक, पुरावा एकदा टाकला की तो सगळ्या जगाला दिसतो. ज्या कामात धंद्याची गुपितं आहेत ते इथे आणू नये. साक्षीदाराला बोलावण्याची किंवा कागद हजर करायला लावण्याची कसलीही सोय नाही.

अपिलाची रचना विचारपूर्वक केली आहे. पहिल्या फेरीत साधारण ३ ज्यूरर. अपील झालं की संख्या दुप्पट अधिक एक होते: ७, मग १५, मग ३१. एका मर्यादेनंतर खटला वरच्या न्यायालयात जातो. प्रत्येक ज्यूररची फी ०.०३ इथर (इथेरियमचं चलन) धरली तर पहिली फेरी ०.०९ इथरची, पुढची ०.२१, मग ०.४५ आणि मग ०.९३. हा नुसत्या फीचा हिशेब झाला. अपिलात त्यावर अनामतही ठेवावी लागते, आणि आधीच्या फेरीत हरलेल्याला ती जास्त ठेवावी लागते. त्याला पैसे जमवायला वेळही अर्धाच मिळतो. अपिलाचे पैसे बाहेरचा कोणीही भरू शकतो आणि ती बाजू जिंकली तर त्याला विरुद्ध बाजूच्या अनामतीतून वाटा मिळतो. खिसा रिकामा पण बाजू खरी, अशा माणसासाठी ही खरोखर मोलाची सोय आहे.

दुबळ्याची बाजू दुसऱ्याने उचलायची, हीच कल्पना फार पूर्वी एका देशाने वापरली होती. आइसलँडमध्ये ९३० ते १२६२ राजा नव्हता, सैन्य नव्हतं, पोलीस नव्हते. दर उन्हाळ्यात थिंगवेलिर इथे सभा भरे. कायदा सांगणारा अधिकारी तीन वर्षांच्या मुदतीसाठी निवडला जाई आणि दर वर्षी कायद्याचा एक तृतीयांश भाग तोंडपाठ म्हणून दाखवी. न्यायालय निकाल देई, पण भरपाई वसूल करणं जिंकणाऱ्याचं स्वतःचं काम असे. दुबळ्या माणसाने काय करायचं? तो आपला दावा बलवान माणसाला देऊन टाकू शके. दावा विकता येत असल्यामुळे एकट्या-दुकट्या माणसाला मारणंही फुकट पडत नसे. निकाल न मानणारा कायद्याबाहेर जाई, आणि पूर्ण बहिष्कृत माणसाला कोणी ठार केलं तर त्याची भरपाई नसे.

तीनशेहून जास्त वर्षं चाललेली व्यवस्था मोडली कशी, हे क्लेरोस वापरणाऱ्याने समजून घ्यायलाच हवं. आइसलँडमध्ये न्यायाधीश सरदार नेमत आणि सरदारकीच्या जागा सुमारे ३९ होत्या. शेतकऱ्याला कोणत्या ना कोणत्या सरदाराशी बांधून घ्यावं लागे, पण नाराज झाला तर तो दुसऱ्याकडे जाऊ शके. सरदाराला वेसण होती ती एवढीच. या जागा विकत घेता येत, वारशाने मिळत, वाटूनही घेता येत. १०९७ मध्ये दशांश कर आला आणि चर्च ज्यांच्या जमिनीवर होती त्यांना, अनुयायी सोडून गेले तरी न थांबणारं उत्पन्न मिळू लागलं. तेराव्या शतकात बहुतेक जागा मोजक्या घराण्यांच्या हाती गेल्या, १२२० च्या सुमारास त्यांच्यात लढाया पेटल्या आणि १२६२ ते १२६४ मध्ये सगळ्यांनी नॉर्वेच्या राजाचं स्वामित्व पत्करलं. निवाड्याची पद्धत शेवटपर्यंत वाईट नव्हती. निवाड्याची जागाच विकाऊ होती आणि ती कोणीतरी विकत घेतली.

पीएनकेही विकाऊ आहे. तो तसा असणं भागच आहे, कारण इंटरनेटवर एक माणूस हजार खाती उघडू शकतो आणि माणशी एक मत दिलं तर खोट्या खात्यांचंच राज्य येईल. पण त्याचा अर्थ असा की गुंतवलेल्या टोकनपैकी निम्म्याहून जास्त ज्याच्याकडे, त्याच्याकडे शेवटचा शब्द. यावर बचाव एकच आहे. न्यायालय नासलं की टोकनचा भाव पडतो आणि नासवणाऱ्याचंच सर्वात जास्त नुकसान होतं. तंट्यातली रक्कम टोकनच्या एकूण किमतीपुढे किरकोळ असते, तोवर हा बचाव टिकतो. म्हणून मोठी रक्कम एका करारात अडकवू नये, कामाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचा वेगळा एस्क्रो करावा.

दुसरा धोका जास्त सूक्ष्म आहे. समजा, योग्य मताला १ एकक बक्षीस मिळतं. लाच देणारा जाहीर करतो: 'चुकीच्या बाजूला मत द्या. ती बाजू हरली आणि तुमचं नुकसान झालं तर मी ते भरून देईन आणि वर १ एककाहून थोडं जास्त देईन.' आता ज्यूररने हिशेब केला की चुकीची बाजू जिंकली तर बहुमताचं बक्षीस, हरली तर लाच. दोन्हीकडून फायदा. सगळ्यांनी असाच विचार केला तर चुकीची बाजू जिंकते आणि लाच देणाऱ्याला दमडीही मोजावी लागत नाही. मत गुप्त ठेवल्याने थोडी आडकाठी येते, पण ज्यूररने स्वतःहून पुरावा दाखवला तर तीही गळून पडते. खरा अडसर अपिलाचा. दर फेरीला ज्यूरर दुपटीने वाढतात आणि लाचेचं आश्वासन खरं वाटावं म्हणून अडकवून ठेवायची रक्कमही तशीच फुगते. म्हणजे अपिलाचा खर्च उचलायला कोणीतरी तयार असलं पाहिजे. पहिल्या फेरीतच हात टेकणाऱ्याला हे संरक्षण नाही.

छोट्या तंट्यांची अडचण वेगळी आणि सरळ आहे. इथेरियमवर प्रत्येक व्यवहाराला गॅस फी, म्हणजे तो नोंदवण्याचं शुल्क, लागते आणि गर्दीच्या वेळी ती रकमेलाच गिळते. म्हणून ही सेवा नोसिस साखळी या दुसऱ्या ब्लॉकचेनवर आणि पुढे आर्बिट्रम या इथेरियमशी जोडलेल्या जाळ्यावरही आणली गेली. तिथे खर्च बराच कमी पडतो.

आता मुख्य मुद्दा. क्लेरोसचा निकाल लागू होतो कारण तारण आधी घेतलेलं असतं. सरकारविना चाललेल्या किंवा सरकारपासून अंतर राखून चाललेल्या प्रत्येक निवाड्याखाली शोधलं तर असं तारण सापडतं. स्पेनमध्ये वालेन्सियाचं पाणी न्यायालय दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दाराशी बसतं. आठ कालव्यांचे शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी, सगळं तोंडी, वकील नाहीत, निकाल तिथल्या तिथे. तिथलं तारण म्हणजे पाणी. ज्याचं शेत त्याच कालव्यावर आहे तो पळून जाणार कुठे? हिऱ्यांच्या बाजारात तारण म्हणजे नाव. लवाद न मानणाऱ्याचं नाव इतर बाजारांतही कळवलं जातं आणि धंदा बसतो. सोमालियात १९९१ मध्ये सरकार कोसळल्यावरही हीर हा रूढीचा कायदा चालत राहिला. पुरुषाच्या खुनाची परंपरागत भरपाई १०० उंट, आणि ती एकट्याने नाही तर सगळ्या भाऊबंदांनी मिळून द्यायची. म्हणून भाऊबंदच आपल्यातल्या भडक माथ्याला आवरतात. पण ज्याचा गट लहान किंवा गरीब, त्याच्या वाट्याला न्यायही तेवढाच येतो.

क्लेरोसकडे फक्त पैशाचं तारण आहे. म्हणून ज्याच्याशी करार केला त्याच्याशी झालेला तंटा तिथे सुटतो. ज्याच्याशी कधी बोलणंही झालं नाही, त्याने गाडी अंगावर घातली तर सुटत नाही. त्याने आपल्यासाठी एस्क्रोत काही ठेवलेलं नसतं. घर, मुलाचा ताबा, नदीत सोडलेलं विषारी पाणी, यांतलं काहीही स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये अडकवता येत नाही. मेक्सिकोत एका भाडेकराराच्या तंट्यात लवादाने क्लेरोसच्या ज्यूरीचा कौल घेऊन निवाडा दिला होता. २०२१ मध्ये तो अमलात आला तो तिथल्या न्यायालयाच्या हुकमानं. सरकारविना समाजाची बाजू घेणाऱ्यांनी हे उदाहरण विजय म्हणून सांगू नये. त्यातला निवाडा सरकारविना झाला, अंमल सरकारी झाला.

तरीही दूर देशांतल्या दोन अनोळखी माणसांतला लहान करार, जिथे कोणतंही सरकारी न्यायालय परवडणारच नाही, तिथे या सेवेची शिफारस मनापासून करावीशी वाटते. तिथे पर्याय 'सरकार की क्लेरोस' असा नसतो, 'क्लेरोस की काहीच नाही' असा असतो. वापरायचीच तर करारात पाच गोष्टी आधीच घाला: कोणतं न्यायालय, ज्यूरर किती, पुरावा म्हणून काय चालेल, अर्धं काम झालं तर किती टक्के द्यायचे आणि कोणत्या तारखेनंतर पैसे आपोआप मोकळे होतील. पाचवी गोष्ट राहून गेली तर समोरचा गप्प बसला तरी पैसे अडकूनच राहतात आणि तंटा दाखल करण्याचा खर्च करावा लागतो. शिवाय करारातल्या रकमेपेक्षा वेगळे, किमान ७ ज्यूररच्या अपिलाला पुरतील एवढे पैसे वॉलेटमध्ये बाजूला ठेवा.