त्रेचाळीस इंची स्वस्त टीव्ही, तेरा महिन्यांनंतर: आधी बॅकलाइट कमी करा

दसऱ्याला, 12 ऑक्टोबर 2024 ला, आम्ही 43 इंची फोर-के टीव्ही घेतला. 17,490 रुपयांना. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या किमतीच्या बहुतेक टीव्हींना लागू पडतं. फीचर्सची यादीही देत नाही, ती सगळ्यांना पाठ असते. मला बोलायचंय ते बॅकलाइटबद्दल, म्हणजे पडद्याच्या मागून येणाऱ्या उजेडाबद्दल. बाकीचं ओघात येईल.

पैशांचं एकदा सांगून टाकते. आम्ही घेतला तेव्हा 32 इंचांपर्यंतच्या टीव्हीला 18 टक्के जीएसटी होता आणि त्याहून मोठ्याला 28. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्यालाही 18 झाला. आमच्याच किमतीवर हिशेब केला तर 1,366 रुपये कमी लागले असते. वर्षभर आधी हे कळायला काही मार्ग नव्हता, पण घरखर्चाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे आकडा मांडल्याशिवाय राहवलं नाही.

पहिले सहा महिने मी या टीव्हीचं तोंडभरून कौतुक केलं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि जुन्या 24 इंची टीव्हीवर त्यांना बातम्यांखालची पट्टी वाचता यायची नाही. याच्यावर सोफ्यावर बसून घडाघडा वाचायला लागल्या. रंग तर असे की दुपारी खिडकी उघडी असली तरी चित्र लख्ख. माझ्या सांगण्यावरून वैरागला नणंदेने आणि आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी हाच टीव्ही घेतला. ही गोष्ट मला पुढे फार लागली.

तक्रार एकच होती, आवाजाची. भिंतीवर लावल्यापासून संवाद दबके यायचे, मागचं संगीत मात्र ढणाढणा. सासूबाई आवाज साठपर्यंत न्यायच्या, मग स्वयंपाकघरात मला फोनवरचं काही ऐकू यायचं नाही. त्यासाठी मी मनातल्या मनात एक स्टार कापला होता. तो आता परत दिलाय, का ते पुढे येईल.

24 एप्रिल 2025, संध्याकाळ. बार्शीत तेव्हा पारा चाळिशीच्या वर, आणि दिवसातून दोनदा लाइट जायची. सह्याद्रीवर सातच्या बातम्यांची धून वाजली, निवेदिकेचा आवाज आला आणि पडदा काळा झाला. आवाज चालूच. रिमोटने चॅनेल बदललं तर आवाज बदलायचा, पडदा मात्र काळा. बंद करून चालू केलं तर कंपनीचं चिन्ह डोळ्याचं पातं लवतं तेवढा वेळ दिसायचं आणि जायचं.

वॉरंटी एक वर्षाची, सहा महिने झालेले, म्हणून मी निर्धास्त होते. टोल-फ्री नंबरवर तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी सोलापूरहून टेक्निशियन आला. सत्तर किलोमीटरवरून आलाय म्हणून आधी पाणी-चहा दिला. त्याने टीव्हीचं मागचं झाकण उघडलंसुद्धा नाही. समोरून दोन फोटो काढले, उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "पॅनल गेलंय मॅडम. इथे दाब पडल्याची खूण आहे, वॉरंटीत बसणार नाही. साडेअकरा हजार होतील." मला तिथे काहीच दिसेना. जाताना व्हिजिटची नोंद करायची म्हणून ओटीपी मागितला, मी दिला. दोन तासांनी मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं निवारण झाले आहे.

सगळ्यांना हात जोडून सांगते, काम पूर्ण होऊन टीव्ही चालू झालेला स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत ओटीपी देऊ नका. आमच्याकडून ओटीपी गेला म्हणजे त्यांच्या लेखी काम झालं. त्यानंतर फोन केला की नवी तक्रार, नवा नंबर, पुन्हा तेच सगळं पहिल्यापासून.

साडेसतरा हजारांच्या टीव्हीला साडेअकरा हजारांचं पॅनल, म्हणजे नुसता चित्राचा पडदा. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मिस्टर म्हणाले, गल्लीतल्या काकांना एकदा दाखवू. हे काका पिक्चर ट्यूबच्या काळापासून टीव्ही दुरुस्त करतात. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आले, चप्पल काढली आणि पहिलाच प्रश्न, "ताई, आवाज येतोय ना? मग खोलीतला लाइट घालवा, आणि बॅटरी आणा."

भिंतीवरचा पडदा काळाकुट्ट. काकांनी बॅटरी अगदी पडद्याला टेकवून तिरकी धरली. आणि त्या उजेडाच्या गोलात, काचेवर ओलसर बोट फिरवल्यावर दिसावं तितकं पुसट, एका बाईचा चेहरा दिसला. ओठ हलत होते. बॅटरी खाली नेली तर बातम्यांची पट्टी सरकत होती. सासूबाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा तर चालू आहे!"

पॅनल ठणठणीत होतं. चित्र तयार होत होतं, फक्त त्याच्या मागे उजेड नव्हता. काकांनी समजावलं ते असं. एलसीडी पॅनलला स्वतःचा उजेड नसतो. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो त्यात पॅनलच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात, एवढाच त्याचा अर्थ. दिवाळीच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ जायची, तसं इथे एक एलईडी उडाला की सगळा पडदा काळा. स्वस्त टीव्हीत पैसे वाचवायला एलईडी कमी घालतात आणि उजेड भरपूर दिसावा म्हणून प्रत्येकातून करंट जास्त सोडतात. मग ते तापतात. आमच्या भिंतीला दुपारभर पश्चिमेचं ऊन लागतं, आणि टीव्ही तिला चिकटून.

"पट्ट्या बदलल्या की झालं. माझ्याकडे दोन-सव्वादोन हजारांत होईल," काका म्हणाले, "पण मी उघडला तर तुमची वॉरंटी जाईल. आधी त्यांच्याकडूनच करून घ्या." गिऱ्हाईक समोर असताना असं सांगणारा माणूस मिळणं म्हणजे नशीब.

मग मी बॅटरी मारून व्हिडिओ काढला, दीड मिनिटाचा, चेहरा आणि बातम्यांची पट्टी दोन्ही दिसतील असा. ई-मेलला बिल, वॉरंटी कार्ड आणि व्हिडिओ जोडला आणि एकच विचारलं: पॅनल गेलंय तर हे चित्र कुठून येतंय, ते लेखी कळवा. उत्तर आलं नाही. फोनवर रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून कहाणी. एकदा तर "टेक्निशियन येऊन गेला, ग्राहक घरी नव्हते" असा मेसेज आला. त्या दिवशी सासूबाई सकाळपासून दारातच बसून होत्या. त्यांना खोटं पाडलेलं माझ्याच्याने सहन झालं नाही, आणि मी 1915 ला फोन लावला.

1915 म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता आलं. त्यांनी तक्रारीला नंबर दिला आणि ती कंपनीकडे पाठवली. हेल्पलाइन निकाल देत नाही, मध्यस्थी करते. त्यातूनही काही झालं नसतं तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायची माझी तयारी होती. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही, आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. कागदांची फाइलच करून ठेवली होती.

एवढ्यात मे महिना सरत आला. आयपीएल मधेच आठवडाभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली, मुलगा शेजारी जाऊन बघत होता. 28 मेला, म्हणजे बंद पडल्यापासून चौतिसाव्या दिवशी, दुसराच टेक्निशियन पट्ट्या घेऊन आला. हा मुलगा कामाचा होता. पलंगावर गादीवर चादर अंथरून टीव्ही पालथा घातला, सगळे स्क्रू ओळीने एका ताटलीत ठेवले. पॅनल उचलायला दोन माणसं लागतात म्हणून काकांना बोलावलं. त्याखाली पांढरे पातळ कागदासारखे पडदे, आणि खाली तीन पट्ट्या. मधल्या पट्टीवरच्या एका एलईडीवर, मोहरीएवढा असेल, तपकिरी डाग. त्याच्या बरोबर समोर पांढऱ्या पडद्यावरही पिवळट गोल उमटलेला. एवढ्याशा त्या डागासाठी साडेअकरा हजार मागितले होते.

तासाभरात टीव्ही चालू झाला. मी आधी दहा मिनिटं बातम्या बघितल्या आणि मगच ओटीपी दिला. 3 जूनची फायनल मुलाने घरी बघितली.

काकांच्या सांगण्यावरून टीव्ही भिंतीवरून काढून लाकडी टेबलावर ठेवला, मागे वीतभर जागा सोडून. आणि आवाज सुधारला! स्पीकर खालच्या बाजूला आहेत. भिंतीवर होता तेव्हा आवाज सरळ जमिनीकडे जायचा, आता टेबलावर आपटून समोर येतो. सासूबाईंना पस्तीस पुरतो. सहा महिने मी स्पीकरला उगाच दोष देत होते.

आता बॅकलाइट. दुकानातून येतो तेव्हा पिक्चर मोड व्हिविड असतो आणि बॅकलाइट 100 वर. ती सेटिंग दुकानाच्या झगमगाटात उठून दिसण्यासाठी आहे, आपल्या खोलीत तिची गरज नाही. ब्राइटनेस आणि बॅकलाइट हे दोन वेगळे पर्याय आहेत. ब्राइटनेस कमी केला तर चित्रातला काळा भाग गडद होतो, एलईडीवरचा ताण तसाच राहतो. बॅकलाइट कमी केला तरच तो उतरतो. मी 40 वर ठेवलाय. पहिले दोन दिवस चित्र मंद वाटलं, नंतर आम्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. काकांच्या मीटरवर 100 ला 82 वॅट दिसले आणि 40 ला 46. आमच्याकडे दिवसाला सहा तास टीव्ही चालतो, म्हणजे महिन्याला साडेसहा युनिटची बचत.

पण ही सेटिंग शोधायला रिमोटची सात बटणं दाबावी लागतात. आणि खरा राग याचा आहे: सेट-टॉप बॉक्ससाठी कमी केलेला बॅकलाइट यूट्यूबला लागत नाही. तिथे पुन्हा 100. पेन ड्राइव्हला पुन्हा वेगळा. ऑगस्टमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झाला आणि सगळं परत 100 वर गेलं, मला चार दिवसांनी कळलं. ज्या भागामुळे टीव्ही मरतो त्याचं एक साधं बटण रिमोटवर द्यायला काय हरकत होती? ओटीटीवाल्यांच्या नावाची चार बटणं आहेत, त्यांतली दोन आम्ही आजवर दाबलेली नाहीत.

जूनमध्ये मी वैरागला जाऊन नणंदेच्या टीव्हीचा बॅकलाइट तिन्ही ठिकाणी 40 केला. तिला लिहून दिलं की अपडेट आला की मला फोन कर. मॅडमच्या घरीही जाऊन आले. दोन्ही टीव्ही नीट चालू आहेत.

स्मार्ट भागाबद्दल थोडक्यात: 1 जीबी रॅम आहे, अ‍ॅप उघडायला वेळ लागतो, दोन-तीन अ‍ॅप ठेवून बाकीची काढून टाकली तर चालतं. एचडी चॅनेल छान दिसतात, साधी चॅनेल एवढ्या मोठ्या पडद्यावर फिसकटतात. टीव्हीला साडेतीन स्टार. सर्व्हिसला एक, तोही 28 मेला आलेल्या मुलाचा.

ऑक्टोबरमध्ये वॉरंटी संपायच्या आत कंपनीचा फोन आला, 1,899 रुपयांत दोन वर्षं वाढवून देतो म्हणून. मी विचारलं, पट्ट्या गेल्या तर पॅनल गेलं असं म्हणणार नाही हे लेखी द्याल का? समोरच्याने लाइन होल्डवर ठेवली आणि कट झाली. तेवढेच पैसे मी पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवलेत. पाकिटावर काकांचा नंबर लिहिलाय, आणि शेजारी बॅटरी.