ऑफिसचे सहा जुने पीसी कोरे करून नवीन ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकली, सात महिन्यांनंतरचा अनुभव

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा आमच्याकडे सहा पीसी होते, चार फोर्थ जनरेशन इंटेल आय३ प्रोसेसरवाले आणि दोन एट्थ जनरेशन आय५ वाले, आणि सगळ्यांवर इतक्या वर्षांत ज्याला जे हवं ते टाकलेलं, तीन-तीन पीडीएफ रीडर, मुदत संपलेले अँटीव्हायरस, नको ते टूलबार. सकाळी पीसी चालू करून लोक दुसरं काम बघायला जायचे आणि परत आले तरी डेस्कटॉपवर गोल फिरतच असायचं. नवीन घेऊया असं सगळे म्हणत होते, मी म्हटलं आधी हेच साफ करून बघू.

सगळ्यात आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्क, लावल्या. हे न करता नुसतं फॉरमॅट मारणार असाल तर माझ्या मते वेळ घालवू नका, जुन्या फिरत्या डिस्कवर चार दिवस बरं वाटतं मग परत तेच. आणि याचा दुसरा फायदा असा झाला की जुनी डिस्क न पुसता तशीच बाजूला राहिली, ज्याने आम्ही अक्षरशः वाचलो. झालं असं की अकाउंट्सच्या ताईंच्या पीसीवरून मी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, आउटलुकच्या मेलची पीएसटी फाइल, ब्राउझरचे बुकमार्क सगळं घेतलं, नवीन ओएस टाकली, आणि दुसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "अहो, मागच्या वर्षीची खाती दिसतच नाहीयेत." त्यांच्या सॉफ्टवेअरचा डेटा या नेहमीच्या फोल्डरांमध्ये नाही, तर थेट सी ड्राइव्हवरच्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये होता, तिकडे मी बघितलंच नव्हतं. जुनी डिस्क यूएसबी अडॅप्टरने जोडली आणि दहा मिनिटांत सगळं परत मिळालं, पण ती डिस्क पुसलेली असती तर? तेव्हापासून नियमच केला, प्रत्येक डिस्कवर माणसाचं नाव आणि तारीख लिहून ठेवायची आणि सहा महिने हात लावायचा नाही.

दोन आय५ वर विंडोज ११ टाकली. इन्स्टॉलर आधी म्हणाला हा पीसी चालणार नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघा. आमच्याकडे पीटीटी बंद होतं, म्हणजे इंटेलचं अंगभूत टीपीएम, विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, आणि बूट मोड जुन्या पद्धतीच्या लेगसीवर होता. पीटीटी चालू केलं, बूट मोड नव्या पद्धतीचा यूईएफआय केला, मग सगळं सरळ झालं. विंडोजची प्रॉडक्ट की कुठेही टाकावी लागली नाही, लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, आधीचीच एडिशन निवडली की नेटला जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. एक मात्र नक्की करा, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केलं तर डिस्क एन्क्रिप्शन बऱ्याचदा गुपचूप चालू होतं, त्याची रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जाते, म्हणून अकाउंट ऑफिसचं ठेवा, एखाद्या स्टाफचं पर्सनल नको, तो माणूस सोडून गेला की अडकलात.

चार आय३ ना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. जुगाड करून टाकता येते पण अपडेटची खात्री नाही आणि ऑफिसच्या मशिनवर मला तो धोका नको होता, म्हणून लिनक्स मिंट २२ ही मोफत ओएस, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, टाकली, तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. लोकांनी पहिले आठ दिवस कुरकुर केली, नंतर नाही, कारण त्यांचं ऐंशी टक्के काम ब्राउझरमध्येच असतं. जुना लेझर प्रिंटर तर ड्रायव्हर न शोधता आपोआप लागला. अडलं ते मॅक्रोवाल्या, म्हणजे आतमध्ये छोटे प्रोग्रॅम असलेल्या एक्सेल शीटवर, त्या मिंटवरच्या लिबरऑफिसमध्ये नीट चालल्या नाहीत, मग तेवढ्यासाठी ज्यांना त्या लागतात त्यांना आय५ वर बसवलं.

एका आय३ वर मात्र दोन दिवस डोकं खाल्लं. पीसी चालू केला की तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षावर आणि ब्राउझर प्रत्येक साइटला सर्टिफिकेट चुकीचं म्हणायचा, मी उगाच परत इन्स्टॉल केलं. निघाली मदरबोर्डवरची, पीसी बंद असताना तारीख-वेळ सांभाळणारी सीआर२०३२ बॅटरी संपलेली, आणि तारीख चुकली की सर्टिफिकेटही चुकीचं वाटतं. आता कुठलाही जुना पीसी उघडला की मी ती आधी बदलतो.

सात महिन्यांनी आजही सगळे पीसी अर्ध्या मिनिटात चालू होतात, आणि मला वाटतं त्याचं मोठं कारण म्हणजे अ‍ॅडमिन पासवर्ड मी कुणालाच दिलेला नाही, काही टाकायचं असेल तर मला सांगा, मी टाकून देतो. ४ जीबी रॅमवर पंधरा टॅब उघडले की आय३ गुदमरायचे, त्यांना जानेवारीत अजून ४-४ जीबी डीडीआर३ टाकली, आता तक्रार नाही. फक्त जुन्या स्कॅनरला लिनक्सचा ड्रायव्हर नाही, तो एका आय५ ला जोडलाय, बाकीचे तिथे जाऊन स्कॅन करतात आणि फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतात.