जुनं मशीन ठेवायचं की काढायचं? चॅनेल गेटच्या लिफ्टपुढचे तीन पर्याय

सांगलीत विश्रामबागपासून गावभागापर्यंत आणि साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास, पस्तीस-चाळीस वर्षांच्या इमारतींत एक ठरलेली जोडणी अजून भेटते: लोखंडी चॅनेल गेट, रिलेचं (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचांचं) पॅनेल आणि गच्चीवरच्या खोलीत वर्म गिअरचं, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने दातांचं चाक फिरवणारं, जडशीळ मशीन. अशी लिफ्ट असलेल्या सोसायटीपुढे किंवा दवाखान्यापुढे तीन वाटा असतात. आहे तीच लिफ्ट दुरुस्त करत चालवायची. मशीन ठेवून पॅनेल, दारं आणि वायरिंग नवं करायचं. नाहीतर सगळं उतरवून मशीन रूम न लागणारी गिअरलेस लिफ्ट बसवायची.

आमचं मत आधीच सांगतो. मशीनचं लोखंड आणि ब्रॉन्झ चांगलं असेल तर मधली वाट धरावी. चॅनेल गेट मात्र कोणत्याच वाटेत ठेवू नये.

जुन्या मशीनवर जीव का जडतो

मशीन रूममध्ये पाच मिनिटं उभं राहिलं की सगळं डोळ्यांसमोर घडतं. खाली कुणी बटण दाबतं आणि पॅनेलवर त्या मजल्याचा रिले खट् करून ओढला जातो, धरून राहतो. मागोमाग वर किंवा खाली जाण्याच्या दिशेचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज देणारा मोठा स्विच, जोरात बसतो, ब्रेकच्या कॉइलला वीज मिळते, दोन्ही शू ड्रमपासून केसभर सुटतात आणि मोटर फिरू लागते. मजला आला की कॉन्टॅक्टर सुटतो आणि स्प्रिंग शूंना ड्रमवर दाबतात. वीज गेली तरी ब्रेक लागलेलाच राहतो, कारण त्याला वीज लागते ती सोडायला, धरायला नाही. जाणकार मेकॅनिक नुसत्या आवाजाच्या क्रमावरून कुठला रिले चुकतोय ते सांगतो.

गिअरचा हिशेबही कागदावर सहज मांडता येतो. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, गिअर ६०:१ चा असेल तर मोठी पुली २४ फेरे घेते. पुलीचा व्यास ५६० मिलिमीटर असेल तर तिच्यावरून जाणारा केबिनचा रोप (पोलादी तारांचा दोर) मिनिटाला साधारण ४२ मीटर सरकतो, म्हणजे सेकंदाला ०.७ मीटर. पुली एवढी मोठी का? रोपच्या जाडीच्या निदान ४० पट व्यास असावा असा दंडक आहे. १३ मिलिमीटरच्या रोपला ५२० मिलिमीटर तर लागणारच. रोप कमी वाकला की जास्त वर्षं टिकतो.

काही जुन्या मशीन रूममध्ये मजल्यांचा यांत्रिक सिलेक्टरही असतो: उभ्या चौकटीत एक छोटी गाडी केबिनच्या बरोबरीने वरखाली सरकते आणि प्रत्येक मजल्याच्या कॉन्टॅक्टला स्पर्श करते. अख्ख्या डक्टचा, म्हणजे केबिन सरकते त्या उभ्या पोकळीचा, तो हात-दोन हातांचा नमुनाच. असा सिलेक्टर चालू अवस्थेत असेल तर निर्णय घेण्याआधी त्याचे फोटो आणि सर्किटचं ड्रॉइंग नक्की जपून ठेवा.

ठेवण्याजोगं आहे का, हे कसं ओळखायचं

सगळा निर्णय इथे अडतो, म्हणून तपासणी घाईने उरकू नका. ती लायसन्स असलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्या, पण त्याने काय बघितलं हे आपल्याला कळलं पाहिजे.

आधी गिअरचं तेल. थोडं तेल पांढऱ्या कागदावर घ्या आणि उन्हात धरा. काळपट असेल तर ते फक्त जुनं झालंय, बदलून भागेल. सोनेरी चमक दिसली तर ती ब्रॉन्झची आहे, म्हणजे वर्म व्हीलचे दात झिजतायत. दुसरी खूण आवाजाची: लिफ्ट सुटताना किंवा थांबताना मशीनमधून ठोका येत असेल तर दातांमधली मोकळीक वाढली आहे. वर्मच्या बाहेर आलेल्या टोकाशी तेल गळत असेल तर बहुतेक वेळा सील बदलून काम होतं, त्यासाठी मशीन काढायची गरज नाही.

मग रोप आणि पुली. व्हर्नियरने प्रत्येक रोप तीन-चार ठिकाणी मोजा. १३ चा रोप १२ च्या आसपास आला असेल, तारा तुटलेल्या दिसत असतील किंवा रोपवर तांबूस भुकटी असेल तर संच बदलायचा. ती भुकटी रोपच्या आतल्या तारा घासून गंजल्याची असते. एकच रोप कधीही बदलू नये. नवा आणि जुना रोप वेगवेगळे ताणतात आणि नव्या रोपने पुलीची एक खाच खोल होत जाते. पुलीच्या व्ही आकाराच्या खाचेचा तळ चकाकत असेल तर रोप तळाला टेकलाय, त्याची कडांवरची पकड गेली. अशा पुलीवर नवे रोप चढवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

ब्रेकमध्ये बघायचं ते लायनिंग. त्यावर तेलाचा डाग किंवा काचेसारखी चमक असेल तर पकड कमी होते आणि केबिन मजला ओलांडून थांबते. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ड्रममधली धूळ ब्लोअरने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

इथे सांगली-मिरजेचा एक मोठा फायदा आहे. पुलीच्या खाचा पुन्हा कापायला किंवा फॉस्फर ब्रॉन्झचं नवं वर्म व्हील ओतून त्याचे दात पाडायला लागणारी फाउंड्री आणि लेथची कामं कुपवाड-मिरज एमआयडीसीत होऊ शकतात. साताऱ्यातही औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर आहे. नवं व्हील जुन्या वर्मशी जुळवून, निळा रंग लावून दातांचा स्पर्श तपासूनच बसवायचं. नुसत्या मापावर केलेलं व्हील काही महिन्यांत आवाज करू लागतं.

व्हीलचे दात धारदार झाले असतील, गिअर बॉक्सच्या कास्टिंगला तडा असेल किंवा बेअरिंगच्या जागाच झिजल्या असतील, तर मशीन ठेवण्याचा हट्ट सोडावा.

रिले पॅनेल आणि नवा ड्राइव्ह

रिले पॅनेल दुरुस्त करता येतं, ही त्याची सगळ्यात मोठी बाजू. कॉइल जळली तर पुन्हा गुंडाळून मिळते. कॉन्टॅक्ट काळे पडले तर बारीक फाइलने साफ होतात. पॉलिश पेपर मात्र वापरू नये. त्याची खर चांदीत रुतून बसते आणि कॉन्टॅक्ट आणखी तापतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या धुक्यात, जिथे पावसाळ्यात चार महिने भिंती ओल्या असतात, तिथे हे काम वारंवार निघतं.

पण रिले पॅनेलवरची एका वेगाची मोटर थेट सुरू होते आणि नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट झटका घेते. शिवाय केबिन कुठे थांबेल हे आत किती माणसं आहेत यावर ठरतं. कधी दोन बोटं वर, कधी दोन बोटं खाली. घरात ते चालून जातं. मिरजेच्या एखाद्या दवाखान्यात त्याच उंबऱ्यावर स्ट्रेचरचं चाक अडतं. मोटरचा वेग हळूहळू कमी-जास्त करणारा व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्ह लावला की तेच जुनं मशीन मजल्याशी पाच-दहा मिलिमीटरमध्ये थांबतं आणि सुटतानाचा झटकाही जातो.

ड्राइव्ह जुन्या मोटरला जोडताना दोन चुका होतात. मोटर दोन वेगांची असेल तर फक्त जास्त वेगाचं, म्हणजे ४ पोलचं वाइंडिंग जोडायचं. १६ पोलचं सोडून द्यायचं. आणि आधी ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासायचं. ड्राइव्हमधून येणारे तीव्र झटके जुन्या वार्निशला सोसत नाहीत. मेगरचं वाचन १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर रिवाइंड करा किंवा त्याच फूटमाउंटवर ड्राइव्हसाठी बनवलेली नवी मोटर बसवा.

वीज वाचेल का? वर्म गिअरमध्ये तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त शक्ती घर्षणात जाते, हे खरं आहे, आणि गिअरलेस तिथे सरस आहे. पण बारा-सोळा फ्लॅटच्या इमारतीत लिफ्ट दिवसातला बहुतेक वेळ उभीच असते. निव्वळ वीज बिलासाठी तिथे चांगलं मशीन काढू नये. दिवसभर अखंड चालणाऱ्या लिफ्टचा हिशेब वेगळा.

दार

चॅनेल गेटच्या फटीतून लहान मुलाचा हात किंवा पाय सहज बाहेर जातो आणि समोरून भिंत सरकत असते. हा धोका देखभालीने कमी होत नाही, तो गेटच्या रचनेतच आहे. त्यात गेटचा स्विच वारंवार बिघडतो म्हणून कुणीतरी पॅनेलमध्ये वायरचा जंपर मारून ठेवतो, आणि लिफ्ट उघड्या गेटने चालू लागते. आजच तपासा: केबिन थांबलेली असताना गेट चार बोटं उघडं ठेवून बाहेरून बटण दाबा. लिफ्ट हलली तर तिथेच मेन बंद करा.

नवं दार निवडताना डक्टची रुंदी मोजा. मधून उघडणाऱ्या दाराला मोकळ्या वाटेच्या साधारण दुप्पट जागा लागते, एका बाजूला सरकणाऱ्या दोन पाखांच्या दाराला दीडपट. ७०० मिलिमीटरची वाट हवी असेल तर अरुंद डक्टमध्ये दुसरंच बसेल.

दार बदललं की केबिनचं वजन बदलतं, आणि हे नेमकं विसरलं जातं. काउंटरवेट, म्हणजे रोपच्या दुसऱ्या बाजूला लटकणारं समतोलाचं वजन, असतं केबिनचं वजन अधिक जवळजवळ निम्मा भार. सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलोची, म्हणजे तिच्यासाठी केबिनपेक्षा सुमारे २०० किलो जास्त. नवं दार, स्टीलची केबिन, वर ग्रॅनाइटची फरशी असं चढवत गेलं आणि काउंटरवेट तसंच राहिलं तर मोटर तापते, पुलीवर रोप घसरतात. तपासणी सोपी आहे: निम्म्या भाराच्या वजनांसह केबिन डक्टच्या मध्यावर काउंटरवेटच्या समोर येताना, चढताना आणि उतरताना मोटरचा करंट मोजा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत.

पूर, आणि अडकलेला माणूस

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी शहरात शिरलं. नदीकाठच्या भागात म्हणूनच गच्चीवरची मशीन रूम हा मोठा आधार आहे: मशीन, पॅनेल, गव्हर्नर (वेग फार वाढला तर केबिन थांबवणारी यंत्रणा) सगळं वर. गिअरलेसचं मशीनही डक्टच्या माथ्याशीच असतं, त्यामुळे तिथे फरक नाही. हायड्रॉलिक होम लिफ्टचा पॉवर पॅक मात्र सहसा तळमजल्यावर असतो. मारुती चौक, गावभाग अशा ठिकाणी तो टाळावा.

पाणी चढण्याची सूचना आली की केबिन वरच्या मजल्यावर नेऊन मेन बंद करा. तेव्हा पिटमध्ये, म्हणजे डक्टच्या तळाच्या खड्ड्यात, फक्त काउंटरवेट बुडतं, आणि ते लोखंडच असतं. केबिनला वीज पोचवणाऱ्या ट्रॅव्हलिंग केबलचा लूपही डक्टच्या मध्यापर्यंत वर येतो. पाणी ओसरल्यावर गाळ काढणं, रेल धुऊन तेल देणं, पिटमधले स्विच बदलणं आणि गव्हर्नरची खालची पुली मोकळी करणं झाल्याशिवाय लिफ्ट चालू करू नये.

वीज गेल्यावर अडकलेल्याला काढण्यात जुनं मशीन फार भरवशाचं आहे. मेन बंद, दारं बंद असल्याची खात्री, आत आवाज देणं, मग दोघांनी मिळून: एक जण ब्रेकचा लिव्हर दाबतो, दुसरा हँडव्हील थोडं थोडं फिरवतो. आत एक-दोनच माणसं असतील तर काउंटरवेट जड ठरतं, म्हणून केबिन वर नेणं हलकं जातं. रोपवर रंगाने केलेली मजल्याची खूण जुळली की आधी लिव्हर सोडायचा, मगच दार उघडायचं. गिअरलेसमध्ये ब्रेक सोडून केबिनला आपोआप सरकू देतात. निम्मा भार असेल तर ती जागची हलतच नाही, आणि सगळी मदार बॅटरीवर येते. मधल्या वाटेत दोन्ही मिळतं: वीज गेल्यावर केबिन जवळच्या मजल्यावर नेणारा बॅटरीचा एआरडी आणि जोडीला हँडव्हील. नवी मोटर बसवताना हँडव्हीलची जागा राखायला सांगा.

गिअरलेस कधी घ्यावी

मशीन वर म्हटल्याप्रमाणे खलास असेल, गच्चीवरची खोली पाडायची असेल किंवा लिफ्ट दिवसभर चालत असेल तर गिअरलेसच घ्यावी. ती शांत चालते, गिअर ऑइल नाही. पण बोर्ड त्याच कंपनीचे आणि सेटिंगला पासवर्ड असतो. विजेच्या झटक्याने बोर्ड गेला तर तो येईपर्यंत लिफ्ट बंद.

म्हणून कोटेशनवर तीन गोष्टी लिहून घ्या: कंट्रोलरचा पासवर्ड आणि सर्किट ड्रॉइंग सोसायटीला मिळेल, काउंटरवेटचा समतोल मोजून दिला जाईल, रोपची संख्या आणि जाडी अमुक. बदलाआधी विद्युत निरीक्षक कार्यालयाची परवानगी लागते. २०१७ च्या राज्याच्या लिफ्ट कायद्याने १९३९ च्या कायद्याची जागा घेतली आहे. कागदपत्रं त्यानुसार आहेत का हे काम देण्याआधीच बघा.

उतरवलेलं रिले पॅनेल आणि पितळी मजला-दर्शक काटा भंगाराच्या वजनात घालू नका. पॅनेलचे कपॅसिटर डिस्चार्ज करून, काचेच्या पेटीत तळमजल्यावर भिंतीला लावा आणि प्रत्येक रिलेखाली त्याच्या मजल्याचं नाव लिहा.