आरसा की पॅनल?

आमच्या गच्चीवर ३ किलोवॉटचे पॅनल बसवले तेव्हापासून शेजारचे काका विचारतायत, ते आरशावालं सोलर का नाही घेतलं, शिर्डीत संस्थानच्या स्वयंपाकघरात बघितलं ना, मोठमोठ्या डिश ऊन गोळा करतात, वाफ होते आणि त्यावर भात शिजतो. काका, ती उष्णता झाली, घरातला पंखा त्यावर थोडीच फिरतो! वीज करायची तर त्याच वाफेवर टर्बाइन फिरवावं लागतं, म्हणजे अख्खा कारखानाच की. राजस्थानात नोखला ५० मेगावॉटचा असा प्लांट २०१३ पासून आहे.

पॅनलचं बरंय, ढगाळ असलं तरी थोडी का होईना वीज देतो. आरशाला मात्र थेट कडक ऊन लागतं, त्यामुळे आपल्या नाशकात जून ते सप्टेंबर ते आरसे नुसते पावसात धुतले जाणार.

पण एक गोष्ट मानली पाहिजे, रात्रीची. आरशाच्या उष्णतेने मीठ वितळवून टाकीत साठवतात, टॉवरवाल्या प्लांटमध्ये, म्हणजे जिथे सगळे आरसे ऊन एका उंच मनोऱ्यावर टाकतात तिथे, साधारण ५६५ अंशाला, आणि सूर्य मावळल्यावर तासन्‌तास त्यावर वीज काढतात. मोरोक्कोतला नूर नावाचा सोलर प्लांट तसाच चालतो. भारतात मात्र पॅनल इतके स्वस्त झाले की आरशांचे बरेच प्रोजेक्ट अर्ध्यावरच राहिले, आता बॅटऱ्याही स्वस्त होतायत. माझ्या मते वाळवंट असेल आणि सरकारच्या खिशात दम असेल तरच आरसे. गच्चीला पॅनलच, फक्त कबुतरांची घाण दर रविवारी पुसायची तयारी ठेवा.